स्टिअरिंगला घरी चामडं चढवताना: मापापासून शेवटच्या गाठीपर्यंत

स्टिअरिंगला चामडं चढवायचं ठरलं की बहुतेक जण आधी दोऱ्याचा रंग निवडतात. लाल की करडा, यात दोन दिवस जातात आणि माप मात्र टेप गुंडाळून दोन मिनिटांत उरकलं जातं. मग शिवायला बसल्यावर कळतं की पुढच्या कडेला अकरा टाके उरलेत आणि मागच्या कडेला आठच. ओढूनताणून शिवण पुरी होते. महिन्याभरात आतल्या बाजूला चुण्या पडतात, आणि पुढे कधीतरी घाटातल्या वळणावर चामडं हाताखाली फिरतं आणि रिंग जागच्या जागी राहते. हे फार धोक्याचं आहे. सैल कव्हरपेक्षा उघडी, झिजलेली रिंग कधीही बरी.

चामडं रिंगला घट्ट धरतं ते ताणामुळे, आणि ताण येतो मापातून. डिंक आणि दोरा त्यानंतर येतात. म्हणून या लेखात निम्मी जागा माप, नमुना आणि कडा यांनाच दिली आहे. शिवण हा कामातला सोपा भाग आहे.

इथे धरलेलं स्टिअरिंग नेहमीच्या हॅचबॅकचं आहे: बाहेरून बाहेर ३८ सेंटिमीटर व्यास, वर फोमचा मऊ थर, रिंगेला मधल्या भागाशी जोडणारे तीन दांडे म्हणजे स्पोक (डावा, उजवा, खालचा) आणि मधे एअरबॅग. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर स्पोक ९, ३ आणि ६ वर. पुढे सगळीकडे जागा याच भाषेत सांगितल्या आहेत. चालकाकडे असते ती पुढची कड आणि डॅशबोर्डकडे असते ती मागची कड.

## आधी एअरबॅगचं

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे. त्याआधीच्याही अनेक गाड्यांत ती असते. स्टिअरिंगच्या मधल्या भागावर ‘एसआरएस’ किंवा ‘एअरबॅग’ अशी अक्षरं असतील तर आत स्फोटक भरलेली वस्तू आहे हे धरूनच बसा.

कित्येक व्हिडिओंत स्टिअरिंग काढून टेबलावर ठेवून काम केलेलं दिसतं. घरी तसं करू नका. एअरबॅग उतरवणं हे प्रशिक्षित माणसाचं काम आहे. शिवाय स्टिअरिंगच्या मागे गुंडाळलेल्या चपट्या वायरची एक चकती असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. स्टिअरिंग काढलेलं असताना ती चुकून फिरली तर परत बसवल्यावर वायर तुटते. मग हॉर्न बंद पडतो आणि एअरबॅगचा दिवा पेटून राहतो. सगळं काम स्टिअरिंग गाडीवर असतानाच नीट होतं. उलट तिथे रिंग घट्ट धरलेली असते, त्यामुळे दोरा ओढायला जोर मिळतो.

गाडी सावलीत, सपाट जागी लावा. चाकं सरळ करा, चावी काढा. बॅटरीची ऋण तार सोडवा आणि निदान दहा मिनिटं थांबा. गाडीच्या पुस्तकात जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा. सीट पूर्ण मागे घ्या.

इशारा: मधल्या पॅडवर, त्याच्या फटीत किंवा शिवणीवर चामडं, डिंक, टेप काहीही जाऊ देऊ नका. पॅड ज्या रेषेवर फाटून एअरबॅग बाहेर येते ती रेष मोकळीच राहिली पाहिजे. रंग काढायची हॉट एअर गन या कामात आणूच नका.

## १. सामान

चामडं १ ते १.२ मिलिमीटर जाडीचं, क्रोम पद्धतीनं कमावलेलं, वर रंगाचा पक्का लेप असलेलं घ्या. दुकानात ‘गाडीच्या सीटचं’ किंवा ‘सोफ्याचं’ म्हणून मागितलं तर कळतं. जाकिटाचं चामडं ०.६ ते ०.८ मिलिमीटरचं असतं, ते दोऱ्याखाली फाटतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं सुंदर असतं, पण ते वनस्पतींच्या सालीत कमावलेलं, जाड आणि न ताणणारं. घामानं त्यावर काळे डाग पडतात. या कामाला ते चालत नाही.

मुंबईत असाल तर धारावीतल्या चामड्याच्या दुकानांत हात लावून निवडता येतं. चामडं चौरस फुटावर विकतात. रिंगेला प्रत्यक्षात दीड चौरस फूटही लागत नाही, पण तुकडे लांबट असल्यामुळे आणि डागाळलेला भाग सोडावा लागत असल्यामुळे चार चौरस फूट घ्या. पोटाकडचं चामडं ढिलं असतं आणि एकाच बाजूला वाट्टेल तसं ताणतं. पाठीकडचं मागा.

दोरा ०.८ मिलिमीटरचा, मेण लावलेला पॉलिएस्टर. सुती दोरा घामानं आणि उन्हानं कुजतो. सुया दोन, बोथट टोकाच्या, थोड्या वाकलेल्या मिळाल्या तर उत्तम. बाकी: स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म, एक इंची मास्किंग टेप, पातळ पुठ्ठा, धारदार कटर, चंदेरी पेन, रेक्झिनचा तुकडा, दुतोंडी पातळ टेप, चपला चिकटवायचं रबरी सोल्यूशन (फेविकॉल एसआर किंवा तशाच जातीचं), हेअर ड्रायर आणि प्लॅस्टिकची चपटी पट्टी.

चांभाराची रापी, म्हणजे चामडं तासायचं धारदार पातं, मिळाली तर फार उपयोग होतो. माझ्या घराजवळच्या चांभारकाकांनी मला चामड्याची कड काचेच्या तुकड्यावर ठेवून, रापी जवळजवळ आडवी धरून, तीन हलक्या हातांत कागदाएवढी पातळ करून दाखवली. ते पाहण्याआधी मी कटरनं तीच कड दोनदा कापून टाकली होती. घरी जमत नसेल तर तेवढं काम अशा माणसाकडून पैसे देऊन करून घ्या.

## २. रिंग साफ करणं

जुनं कव्हर असेल तर काढा. खाली चिकटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन पुसा. आधी मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी करून पाहा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, फोम खराब होतो.

फोम तुटला असेल, नखानं टवके निघत असतील, तर तो भाग भरून २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं सपाट करा. चामडं खड्डे झाकत नाही. वरून ताणलं गेलं की खालचा प्रत्येक उंचवटा उमटतो.

रिंगेवर आधीपासून कंपनीचं चामडं असेल आणि ते घट्ट चिकटलेलं असेल तर काढायच्या भानगडीत पडू नका. बहुतेकदा फोमही सोबत येतो. वरून हलका पॉलिश पेपर फिरवा आणि त्यावरच नवीन चढवा. रिंग दोनेक मिलिमीटर जाड होईल, म्हणून माप या जुन्या चामड्यावरूनच घ्यायचं.

तपासा: पुसून झाल्यावर रिंग रात्रभर वाळू द्या. सकाळी मास्किंग टेपचा तुकडा लावून ओढा. टेपच्या मागे मळ आला तर पुन्हा पुसा.

## ३. नमुना काढणं

एवढी एकच पायरी काळजीनं केली तरी निम्मं काम झालं असं समजा.

आधी दोन जोड कुठे येणार ते ठरवा. माझं मत: एक जोड १२ वर आणि एक ६ वर, म्हणजे चामड्याचे दोनच तुकडे, डावा आणि उजवा. चार तुकडे केले तर जोड नेमके १० आणि २ वर येतात, जिथे हात असतो आणि बोटांना टोचतं. अखंड एक पट्टी करायची तर १२० सेंटिमीटर लांब चामडं लागतं आणि ते एकसारखं ताणणं पहिल्याच वेळी जमत नाही.

रिंगेच्या डाव्या अर्ध्या भागावर क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळा. तिच्यावर मास्किंग टेपचे छोटे तुकडे आडवे-उभे चिकटवत दोन थर द्या. लांब पट्टी गुंडाळू नका, ती चुण्या धरते. आता पेनानं या रेषा काढा:

१२ आणि ६ वरची जोडरेषा. रिंगेच्या आतल्या बाजूनं, बरोबर मधोमध जाणारी शिवणरेषा. स्पोकच्या प्लॅस्टिकला टेप जिथे टेकते ती रेषा, पुढून वेगळी आणि मागून वेगळी. आणि रिंगेच्या बाहेरच्या कडेनं जाणारी एक मध्यरेषा, तिच्यावर दर पाच सेंटिमीटरला आडवी खूण. ‘पुढे’, ‘मागे’, ‘वर’ हे शब्द टेपवर लिहून ठेवा. टेप एकदा निघाली की कोणती बाजू कुठली हे डोळ्यांना कळत नाही.

शिवणरेषेवर कटर हलकेच फिरवा, फक्त टेप आणि फिल्म कापली जाईल इतकंच. नमुना एका तुकड्यात सोलून काढा. तो हातात येतो तेव्हा अर्ध्या वांग्याच्या सालीसारखा फुगीर असतो, टेबलावर सपाट बसतच नाही. याचं कारण समजून घेतलं तर पुढचा गोंधळ टळतो. ३८ सेंटिमीटरच्या रिंगेचा बाहेरचा परीघ सुमारे ११९ सेंटिमीटर असतो आणि आतला सुमारे ९९. पट्टी एकच, पण तिचा मध्य लांब पडायला हवा आणि कडा आखूड. सपाट करायला कडांवर दर तीन-चार सेंटिमीटरला कात्रीनं छेद द्या. छेद पानासारखे उघडतात आणि नमुना सपाट होतो. उघडलेल्या जागा म्हणजे चामड्याला कडेला जेवढं आक्रसावं लागणार तेवढी जागा. ते आक्रसणं पुढे टाक्यांतून होणार आहे.

सपाट नमुना पुठ्ठ्यावर ठेवून बाहेरची रेष काढा. आता दोन वजाबाक्या करायच्या.

रुंदी: रिंगेचा मुठीत येणारा घेर टेपनं मोजा, दर एक तासाच्या खुणेवर. तो सगळीकडे सारखा नसतो. अंगठ्याच्या जागी, १० आणि २ वर, तो बहुधा जास्त असतो. समजा एके ठिकाणी १०० मिलिमीटर आला. चामड्याची तिथली रुंदी ९६ ठेवा. चामडं कडक असेल तर ९७, मऊ असेल तर ९५. किती ताणतं हे कळायला दहा सेंटिमीटरची पट्टी कापून दोन्ही हातांनी जोरात ओढा आणि ओढलेली असतानाच मोजा. ती १०५ मिलिमीटर झाली तर ४ मिलिमीटरची वजाबाकी चालेल. १०२ च्या पुढे जात नसेल तर ते चामडं बदला.

लांबी: डाव्या अर्ध्याची मध्यरेषा माझ्या रिंगेवर ५९.५ सेंटिमीटर भरली. मी ५८.५ धरली, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर कमी. दोन्ही टोकांना जोडासाठी ५-५ मिलिमीटर वेगळे मिळवले. लांबी पूर्ण ठेवली तर आतल्या कडेला एवढं चामडं उरतं की कितीही ओढलं तरी चुण्या जात नाहीत.

स्पोकच्या खाचा पुठ्ठ्यावर आखा, पण कापताना रेषेच्या आत एक सेंटिमीटर सोडा. त्या शेवटी, रिंगेवरच पुऱ्या कापायच्या.

इशारा: उजव्या तुकड्यासाठी पुठ्ठा उलटा करायचा असतो. पहिल्या वेळी मी दोन्ही तुकडे एकाच बाजूनं कापले. स्पोकची पुढची आणि मागची खाच वेगळी असल्यामुळे एक अख्खा तुकडा वाया गेला. पुठ्ठ्याच्या एका अंगावर ‘डावा’ आणि दुसऱ्या अंगावर ‘उजवा’ असं मोठ्या अक्षरांत लिहा.

## ४. रेक्झिनवर चाचणी

ही पायरी सगळे गाळतात. पन्नास-शंभर रुपयांचा ताणणारा रेक्झिन आणा, नमुन्यानुसार एक तुकडा कापा, रिंगेवर ओढून आतल्या बाजूला मास्किंग टेपनं जागोजागी पकडा. कडा कुठे एकमेकींवर चढतात, कुठे पाच मिलिमीटरहून जास्त फट राहते, ते पेनानं रेक्झिनवरच लिहा आणि पुठ्ठा तेवढा दुरुस्त करा.

तपासा: हातानं मध्यम जोर लावल्यावर सगळीकडे ३ ते ५ मिलिमीटरची एकसारखी फट राहिली पाहिजे. कडा सहज भिडल्या तर माप ढिलं आहे. तसंच चामडं कापलंत तर ते नक्की फिरणार.

## ५. चामडं कापणं

चामडं रात्रभर घरात पसरून ठेवा, घडी घातलेलं कापू नका. उलट्या बाजूवर नमुना ठेवून चंदेरी पेनानं आखा. दोन्ही तुकड्यांची लांबी एकाच दिशेनं, पाठीच्या कण्याला समांतर ठेवा. एक उभा आणि एक आडवा कापला तर दोन्ही वेगवेगळे ताणतात आणि १२ वरचा जोड तिरका होतो.

नवीन पात्याचं कटर घ्या आणि एका ओढीत कापा. बाहेरच्या मध्यरेषेवरच्या खुणाही उलट्या बाजूवर उतरवून घ्या, चढवताना त्यांचाच आधार असतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हे काम शक्यतो पुढे ढकला. दमट हवेत चामडं जास्त ताणतं, हिवाळ्यात कोरडं झालं की परत आखडतं आणि टाक्यांवर ताण येतो. वर सोल्यूशनही नीट सुकत नाही.

## ६. कडा: टीप आणि टाक्यांची मोजणी

चामड्याला आरीनं भोकं पाडून त्यांतून थेट दोरा ओवायचा, ही घरी काम करणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक आहे. ओढताना भोक लांबतं आणि कडेपर्यंत फाटतं. कंपनीच्या कव्हरकडे जवळून पाहिलं तर दिसेल की कडेला आधी मशीनची एक टीप असते आणि हातशिलाईचा दोरा त्या टिपेच्या टाक्यांखालून जातो. सगळा ताण टिपेवर येतो, चामड्यावर नाही.

म्हणून कापलेले तुकडे गाडीच्या सीटा शिवणाऱ्या कुशनवाल्याकडे न्या. त्याच्या मशीनवर जाड दोरा चालतो. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: कडेपासून ४ मिलिमीटर आत टीप, टाका ६ मिलिमीटरचा, आणि पुढच्या-मागच्या कडेचे टाके संख्येनं सारखे. ६ मिलिमीटरचा टाका सपाट असताना मोठा वाटतो, पण रिंगेवर आतली कड आक्रसली की तो पाच मिलिमीटरच्या आसपास दिसतो. टाके लहान-लहान असले तर आक्रसणं त्यांच्यात वाटलं जातं. एक सेंटिमीटरचे टाके घेतले तर प्रत्येक दोन टाक्यांमधे एक चुणी उभी राहते.

मशीनवर मोजणी सहज हुकते. म्हणून आधी घरी दोन्ही कडांवर पेनानं ६-६ मिलिमीटरच्या खुणा करा आणि दर दहाव्या खुणेला लांब रेघ द्या. मोजणी पूर्ण तुकड्याची नको, टप्प्यांची करा: १२ पासून बाजूच्या स्पोकपर्यंत एक टप्पा, स्पोकपासून ६ पर्यंत दुसरा. प्रत्येक टप्प्यात पुढचे आणि मागचे टाके सारखे हवेत. स्पोकच्या पुढच्या आणि मागच्या खाचेची लांबी वेगळी असते, त्यामुळे पूर्ण तुकड्याचे आकडे जुळले म्हणून टप्प्यांचे जुळतीलच असं नाही.

तपासा: टीप मारून आल्यावर प्रत्येक टप्पा स्वतः मोजा. एका टाक्याचा फरक स्पोकजवळ मुरवता येतो. तीनचा फरक असेल तर ती टीप उसवून पुन्हा मारून घ्या. लाजू नका, पैसे पुन्हा द्यावे लागले तरी द्या.

मग रापीनं दोन्ही टोकं, म्हणजे जोडाची जागा आणि स्पोकला टेकणारा भाग, उलट्या बाजूनं पातळ करा. लांब कडा पातळ करू नका, त्यांच्यात टीप आहे.

## ७. दोन तुकडे जोडणं

दोन्ही तुकडे चांगली बाजू आत करून १२ च्या टोकाला एकमेकांवर ठेवा आणि ५ मिलिमीटरवर मशीननं किंवा हातानं शिवा. शिवण उघडून दोन्ही पाती विरुद्ध बाजूला दुमडा, थेंबभर सोल्यूशननं चिकटवा आणि हातोडीच्या दांड्यानं ठोकून सपाट करा. ६ ची टोकं आत्ता शिवू नका. आधीच बंद रिंगण केलं तर काही स्टिअरिंगांवर ते चढतच नाही, आणि चढलं तरी लांबी जुळवायची संधी जाते. ६ चा जोड खालच्या स्पोकमागे झाकला जातो, तो शेवटी करायचा.

## ८. चढवणं

उलट्या बाजूवर ओल्या फडक्याचा हलका हात फिरवा. चामडं दमट व्हावं, भिजू नये. पाच मिनिटांत ते लवचिक होतं.

रिंगेच्या बाहेरच्या कडेला १२, १०, २, ८ आणि ४ वर दुतोंडी टेपचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे लावा. पूर्ण रिंगेला सोल्यूशन फासू नका. चिकटलेलं चामडं हलत नाही, ताण पुढे सरकत नाही आणि जिथे पहिल्यांदा टेकलं तिथेच चुणी राहते. उन्हात उभ्या गाडीत सोल्यूशन मऊही पडतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर पकड ठेवताच येत नाही.

१२ चा जोड बरोबर मधोमध बसवा. चामड्यामागची मध्यरेषा रिंगेच्या बाहेरच्या कडेवर ठेवत दोन्ही हातांनी एकाच वेळी डावी-उजवीकडे ओढत खाली या. खुणा जुळत आहेत का बघत राहा. मध्यरेषा चालकाकडे सरकली की पुढची कड लांब आणि मागची आखूड पडते, मग शिवण रिंगेभोवती सापासारखी फिरते.

६ पर्यंत आल्यावर जादा दोऱ्यानं तात्पुरते टाके घालून पाच ठिकाणी कडा बांधा: १२ वर, स्पोकच्या वर, स्पोकच्या खाली. आता दहा मिनिटं थांबा आणि चालकाच्या जागेवर बसून बघा.

तपासा: १२ चा जोड मधोमध आहे? शिवणरेषा सगळीकडे रिंगेच्या आतल्या बाजूच्या मध्यावर आहे? स्पोकवरची बटणं पूर्ण उघडी आहेत? नसेल तर आत्ताच सोडा. शिवण सुरू झाल्यावर हे सुधारत नाही.

## ९. शिवण

एकूण चार टप्पे: १२ ते ९, १२ ते ३, ९ ते ६, ३ ते ६. वरचे दोन आधी, आणि नेहमी १२ कडून खाली. म्हणजे उरलंसुरलं चामडं स्पोककडे सरकतं आणि तिथे लपवता येतं. उलट दिशेनं शिवलं तर सगळी चूक १२ वर, डोळ्यांसमोर जमा होते.

दोरा टप्प्याच्या सहापट कापा. वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या टप्प्याला दीड मीटर पुरतो. जास्त लांब घेतला तर मेण निघून जातं आणि दोरा पिंजतो. दोन्ही टोकांना सुया ओवा.

१२ वर पुढच्या आणि मागच्या कडेच्या पहिल्या टाक्यांखालून एक एक सुई काढा, दोन्ही टोकं सारखी लांब करा आणि कडांच्या फटीत दुहेरी गाठ मारा. गाठ चामड्याखाली गेली पाहिजे. मग:

पुढच्या कडेकडून आलेली सुई फटीत घाला आणि मागच्या कडेच्या पुढल्या टाक्याखालून आतून बाहेर काढा. मागच्या कडेकडून आलेली सुई तशीच फटीत घालून पुढच्या कडेच्या पुढल्या टाक्याखालून बाहेर काढा. दोन दोरे फटीवर एकमेकांना छेदतात. क्रिकेटच्या चेंडूवर शिवणी समांतर असतात, बेसबॉलच्या चेंडूवर माशाच्या काट्यासारखी दिसते; ही ती दुसरी.

कोणती सुई आधी, हा क्रम शेवटपर्यंत एकच ठेवा. मी पुढची आधी घेतो. मधे एकदा जरी क्रम उलटला तरी तो एक काटा उलटा पडतो आणि सरळ रेषेत तोच नजरेला खुपतो.

दर तीन टाक्यांनी दोन्ही दोरे एकदम, फटीच्या दिशेनं, सावकाश ओढा. कडा भिडल्या की थांबा. एकदम हिसका देऊ नका आणि दोरा वरच्या दिशेला उचलून ओढू नका, टिपेचा टाका उचकटतो. हाताला बारीक चिरा पडतात, म्हणून तर्जनीला आणि करंगळीला मास्किंग टेप गुंडाळा.

एखादा टाका कमी-जास्त निघालाच तर स्पोकच्या अलीकडच्या पाच टाक्यांत मुरवा: एका बाजूच्या एकाच टाक्यातून दोरा दोनदा घ्या. मधेच कुठेतरी टाका सोडू नका.

पहिला टप्पा झाला की दुसऱ्या बाजूचा वरचा टप्पा घ्या. एक बाजू पूर्ण शिवून मग दुसरी घेतली तर सगळं चामडं एका अंगाला ओढलं जातं.

इशारा: थकलात तर टप्प्याच्या शेवटी थांबा, मधे नाही. दोरा ढिला सुटतो आणि ओढलेले टाके मागे सरतात. चार टप्प्यांना पहिल्या वेळी पाच-सहा तास सहज लागतात.

## १०. स्पोकचे कोपरे आणि ६ चा जोड

आता राखून ठेवलेल्या खाचा कापा. दर वेळी दोन मिलिमीटरच. कापा, बसवून पाहा, पुन्हा कापा. स्पोकचं प्लॅस्टिक आणि रिंग यांच्यात फट असेल तर पातळ केलेली कड चपट्या पट्टीनं तिथे आत सरकवा. फट नसेल तर कड पाच मिलिमीटर आत दुमडा आणि चिकटवा.

सोल्यूशन इथेच खरं कामाला येतं. चामड्याला आणि रिंगेला दोन्हीकडे पातळ हात द्या, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग दाबा. ओलं असतानाच दाबलं तर चिकटत नाही, घसरतं. ही घाई जवळजवळ प्रत्येकजण करतो.

खालचे दोन टप्पे शिवल्यावर ६ ची टोकं खालच्या स्पोकमागे एकमेकांवर आणून जादा भाग कापा, आठ-दहा टाके हातानं घाला आणि स्पोकच्या कडेला आत दाबा. शेवटची गाठ मारण्याआधी दोन्ही सुया तीन टाके उलट्या दिशेनं परत न्या, मग गाठ मारून फटीत ढकला. दोऱ्याचं टोक लायटरनं वितळवू नका, बाजूला फोम आणि प्लॅस्टिक आहे. कात्रीनं कापा.

## ११. उष्णता, विश्रांती आणि चाचणी

चुण्या राहिल्या असतील तर हेअर ड्रायर मध्यम उष्णतेवर, वीतभर अंतरावर, सतत हलता ठेवा आणि अंगठ्यानं चामडं चुणीकडून शिवणीकडे चोळा. हाताला सोसवत नाही इतकं गरम करू नका. नाहीतर चामड्याचा लेप चमकतो आणि तडकतो. मधल्या पॅडवर जाड टॉवेल टाकून ठेवा. बारीक चुण्या पहिल्या आठवड्याभरात आपोआप कमी होतात, मोठ्या मात्र जात नाहीत. मोठी चुणी म्हणजे नमुन्याची लांबी चुकली.

रात्रभर गाडी तशीच ठेवा. सकाळी बॅटरी जोडा आणि गाडी न हलवता हे करा:

दोन्ही हातांनी ९ आणि ३ वर रिंग घट्ट धरा आणि टॉवेल पिळतो तसं चामडं पुढे-मागे पिळायचा प्रयत्न करा. मग १० आणि २ वर धरून चामडं रिंगेच्या दिशेनं ढकला. किंचितही सरकलं तर गाडी बाहेर काढू नका. ढिला टप्पा उसवून पुन्हा ओढा.

इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. राहिला तर गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा, स्वतः वायरी हलवू नका. हॉर्न, आवाजाची बटणं, इंडिकेटर वळण घेऊन परत येताना आपोआप बंद होतो का, सगळं पाहा. इंजिन सुरू करून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि चामडं कुठे घासतं का ऐका. मग सोसायटीच्या आवारातच दोन फेऱ्या मारा.

पहिले दोन दिवस सॅनिटायझर लावलेले हात स्टिअरिंगला लावू नका, आणि पुढेही शक्यतो नकोच. अल्कोहोलनं रंगाचा लेप उडतो आणि हात पडतात तिथे पांढरट चट्टे दिसू लागतात. पुसायला ओलं फडकं आणि सौम्य साबणाचं पाणी पुरे. खोबरेल तेल लावू नका. चामडं तेल पितं, मऊ पडून ताणतं आणि रिंगेवर निसरडं होतं.

महिन्यानं पिळून बघण्याची चाचणी पुन्हा करा, विशेषतः मे महिन्याचं ऊन खाल्ल्यावर. ढिलाई आली तर ती जवळजवळ नेहमी स्पोकच्या वरच्या कोपऱ्यात येते. शेवटचे दहा-बारा टाके तेवढे उसवून, नवीन दोऱ्यानं ओढून परत शिवता येतात. म्हणून उरलेला दोरा आणि पुठ्ठ्याचा नमुना जपून ठेवा.